ताणलेले आरे

उड्या मारायची सायकल घरीच बांधायची ठरली. सांगाडा भाच्याने निवडला आणि चाकांचं माझ्यावर सोपवलं. मातीच्या उंचवट्यावरून झेपावायचं नि पलीकडच्या उतारावर उतरायचं, एवढंच हिचं काम. गिअर नाहीत. पुढे एक दातेरी चकती, मागे एक, मध्ये घट्ट ताणलेली साखळी.

मापावरून वाद झाला नाही. बाजार केव्हाच 29 आणि साडेसत्तावीस इंचांकडे वळला. उडीची सायकल मात्र 26 वर अडून बसली आहे. तिचा हा हट्ट मला पटतो. लहान चाक हवेत चटकन वळवता येतं आणि दणका बसला तरी कमी वाकतं. शिवाय मापाचं घराणंही मोठं. 1933 मध्ये अमेरिकेत श्विन कंपनीने मुलांच्या सायकलींना जाड फुगीर टायर बसवले. रिमवर टायर जिथे बसतो तिथला व्यास 559 मिलिमीटर. पुढे सत्तरच्या दशकात कॅलिफोर्नियातल्या मरिन परगण्यात काही वेडे त्याच जुन्या धुडांवरून माउंट टॅमचे उतार उतरू लागले, आणि तिथून माउंटन बाइक आली. तेच 559 आज आमच्या गॅलरीत.

खरा जीव अडकला तो आऱ्यांत. बैलगाडीचं चाक खांबासारखं सरळ वागतं: वजन आलं की तुंब्याखालचा लाकडी आरा दबतो आणि पेलतो. सायकलची 2 मिलिमीटरची तार दाबली तर वाकूनच जाईल. तिला फक्त ओढायचं ठाऊक. म्हणून चाक बांधतानाच प्रत्येक आरा साधारण 100 किलोच्या जोराने ताणून ठेवतात. स्वार बसला की जमिनीजवळच्या चार-दोन आऱ्यांचा ताण थोडा उतरतो. बाकीच्यांना फारसा पत्ताही लागत नाही. म्हणजे चाक उभं राहतं ते खालचे आरे सैल होण्यावर! अभियंते जॉब्स्ट ब्रँट यांनी सायकलच्या चाकावरच्या आपल्या 1981 च्या पुस्तकात हे हिशेबाने मांडलं, तरी पुष्कळांना अजून पटत नाही. आरे पुरते ढिले पडले की मात्र आऱ्याला रिमवर धरणारे निपल फिरू लागतात आणि चाकाला आउट येतो, म्हणजे ते डगमगू लागतं.

आता गिअरच्या सायकलीचं मागचं चाक समोरून बघा. उजवीकडे चकत्यांची चळत बसवायची, म्हणून हबची उजवी कड आत सरकवलेली. त्या बाजूचे आरे जवळजवळ उभे आणि भयंकर ताणलेले, डावीकडचे तिरपे आणि मवाळ. जन्मापासूनच अर्धं कडक, अर्धं ढिलं. एकच चकती असली की ही ओढाताण संपते. हबच्या दोन्ही कडा लांब लांब बसतात, दोन्हीकडचा ताण जवळजवळ सारखा होतो, आणि वाकड्या उतरणीचा आडवा मार चाक निमूट सोसतं. गिअर सोडण्याचा हा फायदा वजन नि खर्च यांपेक्षा मोठा, असं माझं मत. पुढचा ब्रेकही आम्ही वगळला, तेव्हा डिस्कसाठी जागा नको, आणि पुढचं चाक तर पुरतं समतोल.

आरे 32, प्रत्येक आरा दुसऱ्या तिघांना छेदेल असे गुंफलेले. भाच्याला 36 हवे होते, तेही सरसकट जाड. मी मधे 1.8 मिलिमीटरपर्यंत बारीक होणारे सुचवले. बारीक तार थोडी जास्त ताणली जाते, म्हणून दणक्यात ती पटकन ढिली पडत नाही. त्याला ते खरं वाटेना. मागचा आस मात्र त्याने स्वतःच बोल्टचा मागितला: जोरात पायडल मारलं की साखळी चाकाला उजवीकडून पुढे खेचते, आणि आडव्या खाचेत झटपट उघडणारी खिटी तिथे सरकू शकते.

चाकं मात्र आमच्या भागातल्या एका जुन्या कारागिराकडून बांधून घ्यायची ठरली. तो आउट काढताना आरे बोटाने छेडतो आणि सूर ऐकतो. त्याच्या दुकानात मागे 40 नि पुढे 32 आऱ्यांची काळी रोडस्टर अजून येते, त्यामुळे आमच्या यादीचं त्याला काही अप्रूप वाटलं नाही.

रंगात मी हरलो. मला चंदेरी रिम हवी होती. “मामा, ती दूधवाल्याची दिसेल!” काळी मागवली. आरे मी म्हटले तेच आले.