वकीलसाहेब पार्टीला जातात

बी. ए.च्या शेवटच्या वर्षाला असलेल्या मुलाला साऱ्या गावातून एकच प्रश्न येतो: "पुढे काय?" मी उत्तर ठरवून ठेवले आहे, "लॉ". हे उत्तर फार सोयीचे. वडील खूश होतात, शेजारी बांधाचा वाद सांगायला बसतात आणि आपल्याला आणखी तीन वर्षे विद्यार्थी राहायला मिळते.

पण लॉ करायचे तर कुठे? ग्रंथालय किती मोठे, फी किती, हे माहितीपुस्तिकेत सापडते. आमच्या कँटीनमधल्या मंडळींना मात्र खरा प्रश्न वेगळाच होता. "ते सगळं जाऊ दे. मजा कुठल्या कॉलेजात जास्त?" प्राध्यापक महाशयांनी क्षमा करावी, पण हा प्रश्न मलाही पडला होता. म्हणून दिवाळीच्या सुट्टीत मी अभ्यासदौऱ्यावर निघालो. घरी सांगताना अर्थातच फक्त 'अभ्यास' म्हणालो.

प्रथम मुंबई. डोंबिवलीला मामाकडे उतरलो आणि ओळखीच्या एका मुलाबरोबर चर्चगेटजवळचे शासकीय विधी महाविद्यालय पाहून आलो. 1855 सालचे हे कॉलेज. 1935 मध्ये डॉ. बाबासाहेब आंबेडकर तिथे प्राचार्य झाले. इमारतीसमोर उभे राहिल्यावर पार्टीचा विषय काढायची लाजच वाटली. तो मुलगा मात्र हसला. "अरे, आमचं कॉलेज सकाळचं. तास संपले की निम्मी मुलं पांढरा शर्ट, काळी पँट घालून कुठल्या ना कुठल्या वकिलाच्या ऑफिसात. भेटायचं ते संध्याकाळी." संध्याकाळी ती सगळी मरीन ड्राइव्हच्या कठड्यावर जमली. सायकलवरचा चहा, कागदात भेळ आणि समुद्राकडे पाय सोडून साहेबांच्या नकला. ज्याचा त्याचा खर्च ज्याने त्याने करायचा. पण प्रत्येकाचा एक डोळा घड्याळावर. रात्र चढली तशी ती मैफल रेल्वेच्या मार्गांप्रमाणे फुटत गेली. पश्चिमवाले चर्चगेटला वळले. मध्य आणि हार्बरवाले आम्ही सीएसएमटीकडे पायी निघालो. मुंबईत मजा असते, पण तिला शेवटची लोकल गाठायची असते.

पुण्याला मुक्काम एका मित्राच्या खोलीवर. तो 1924 साली सुरू झालेल्या आयएलएसचा विद्यार्थी. पुण्यातला एक आख्खा रस्ता ज्याच्या धंद्याच्या नावाने ओळखला जातो, ते कॉलेज. मागे टेकडी. संध्याकाळी टेकडीवर चढायचे, वर बसून भांडायचे आणि भूक लागली की उतरायचे, हा तिथला मुख्य सामाजिक कार्यक्रम. रात्री मित्राच्या खोलीवर एकाचा वाढदिवस होता. स्पीकर जरा मोठा झाला तसे खालचे मालक काठी आपटत वर आले. मग जे झाले ते फक्त लॉच्या मुलांतच होऊ शकते. एक म्हणाला, 2000 सालच्या ध्वनिप्रदूषण नियमांप्रमाणे रात्री दहा ते सकाळी सहा ध्वनिक्षेपक बंद. दुसरा म्हणाला, हो, पण बंद खोलीत चालतो! मालक निवृत्त शिक्षक. त्यांनी शांतपणे विचारले, "मग ही खोली बंद आहे का? मला खाली गाण्याचे शब्द कळतायत." खटला निकाली निघाला. बाटलीचाही विषय निघाला होता, पण एकाने 1949 चा दारूबंदी कायदा काढला. महाराष्ट्रात प्यायला परवाना लागतो, बिअरला वय 21 आणि कडक दारूला 25. जमलेल्यांत पंचविशीचा कोणीच नव्हता. वाढदिवस शेवटी मस्तानीवर साजरा झाला. मला पुणे फार आवडले.

पण माझ्या मनात खरी ओढ तिसऱ्या ठिकाणाची होती. बंगळूरच्या राष्ट्रीय विधी विद्यापीठात 1988 साली पाच वर्षांच्या अभ्यासक्रमाची पहिली तुकडी बसली आणि तिथून निवासी लॉ विद्यापीठांची लाट देशभर पसरली. सगळे एकाच आवारात राहणार, जेवणार, जागणार. बंगळूरच्या 'स्ट्रॉबेरी फील्ड्स' या रॉक बँडच्या स्पर्धेचे नाव तर आमच्या कँटीनपर्यंत पोचले होते. अशाच एका विद्यापीठात (कोणत्या, ते लिहीत नाही) माझा बालमित्र शिकतो. बारावीनंतर त्याने क्लॅट दिली. ती परीक्षा इंग्रजीतून असते आणि आम्ही दोघेही मराठी शाळेतले. तरी पठ्ठ्या लागला. त्या दिवसापासून त्याला मी 'वकीलसाहेब'च म्हणतो. फोनवर तो पार्ट्यांची वर्णने करायचा. लायटिंग, डीजे, पहाटे चारपर्यंत नाच. मी इकडे एसटीच्या पासासाठी रांगेत उभा राहून ते ऐकायचो आणि जळायचो.

त्यांच्या महोत्सवाच्या रात्री मी पोचलो. फाटकापासूनच आवाज छातीत धडधडत होता. वर्णन तंतोतंत खरे होते. फक्त वर्णन करणारा मला दिसेना. शेवटी तो सापडला मंडपाच्या मागे. गळ्यात ओळखपत्र, अंगात कार्यकर्त्यांचा नारिंगी टीशर्ट, आणि वीस लिटरचा पाण्याचा जार तो जमिनीवरून फिरवत आणत होता.

"थांब, दोन जार राहिलेत," म्हणाला.

मी दुसरे टोक धरले. मग हळूहळू कळले. तुकडीच्या पार्टीची वर्गणी अठराशे रुपये. कमिटीत काम करणाऱ्याला ती माफ. साहेब पहिल्या वर्षापासून प्रत्येक पार्टीच्या कमिटीत आहेत. "वर्गणी भरली तर नाचावं लागतं," तो म्हणाला. "आणि टेबलाला बसलं तर बोलावं लागतं. पाणी देताना नुसतं हसलं तरी चालतं." येणारा जाणारा त्याच्या पाठीवर थाप मारत होता. सगळ्यांना त्याचे नाव ठाऊक होते. बस म्हणून मात्र कोणी म्हणाले नाही, निदान माझ्यादेखत तरी.

मला वाटले होते, पार्टी म्हणजे मजा. तिथे उभा राहून पाहिले तर एका टेबलाशी दिल्लीच्या एका मोठ्या वकिलाचा मुलगा बसला होता, आणि त्याच्या भोवतालच्या दोघांची उन्हाळ्यातली इंटर्नशिप बोलता बोलता, खुर्ची मागे झुकवत, ठरून गेली. अर्ज नाही, मुलाखत नाही. माझ्या मित्राने त्याच महिन्यात चाळीस ठिकाणी अर्ज पाठवले होते. त्या टेबलावर पाणी त्यानेच ठेवले.

तीनच्या सुमारास त्या वकीलपुत्राला चालवेना. त्याला खोलीवर नेले ते आम्हीच. वकीलसाहेबांनी त्याचे बूट काढले, कुशीवर झोपवले, उशाशी बादली ठेवली. सगळे इतके सराईतपणे, की मला काही विचारवेना.

पहाटे मंडप रिकामा झाला. आम्ही पायरीवर बसलो होतो. त्याने रिकामा जार मांडीत घेतला आणि त्याची बोटे आपोआप चालू लागली. शाळेच्या स्नेहसंमेलनात लेझीम त्याच्या हलगीशिवाय हलत नसे. मी विचारले, "इथे कुणाला माहीत आहे?" त्याने नुसती मान हलवली. थोड्या वेळाने रखवालदार काका काठी काखेत मारून ऐकायला उभे राहिले.

तर कँटीनमधल्या मित्रहो, तुमच्या प्रश्नाचे उत्तर हवे असेल तर पार्टी सर्वांत मोठी तिसऱ्या ठिकाणची, यात वाद नाही. तिथे शेवटची लोकल नाही आणि खाली मालकही राहत नाहीत. म्हणजेच, कंटाळा आला तरी घरी जाता येत नाही. माझ्या प्रवेश अर्जाचा विचाराल तर पसंतीक्रमात अजून मी काही भरलेले नाही. वडील रोज विचारतात.

गावी आल्यावर पहिल्यांदा वकीलसाहेबांच्या घरी गेलो. काकू शिलाई मशीनवर ब्लाउजच्या बाह्या जोडत होत्या. चहा झाला, तब्येतीची चौकशी झाली. मग मशीन थांबवून त्यांनी आवाज खाली केला.

"पार्ट्या लई होतात म्हणं तिथं. तू बघून आलास, तर खरं सांग. पैसं तर उडवत न्हाय ना त्यो?"

"एक पैसाही नाही, काकू," मी म्हणालो.

काकूंनी समाधानाने पुन्हा मशीन सुरू केले.