शेवटच्या डब्याचा लाल दिवा

गीसनच्या घरमालक आजोबांचं माझ्यावर ऋण आहे, आणि ते मी वडिलांच्या ऋणाशेजारी मांडतो. जर्मनीतल्या हेसेन राज्यातलं गीसन हे विद्यापीठाचं गाव. तिथे संशोधनासाठी गेलो आणि आजोबांच्या घरात वरच्या मजल्यावर भाड्याने राहिलो. ते रेल्वेतून निवृत्त झालेले. उभी नोकरी सिग्नल केबिनमध्ये गेलेली. तळघरात त्यांनी १:८७ प्रमाणातली रेल्वे मांडली होती. माझे वडील भुसावळला रेल्वे गार्ड होते हे कळलं, तेव्हा त्यांनी मला तळघराची किल्ली देऊन टाकली. मी त्यांना तिकडच्या रीतीने आडनावाआधी ‘हेर’ लावून हाक मारत असे. मनात मात्र ते पहिल्यापासून आजोबाच होते.

या छंदात गीसनला मान आहे. तिथल्या लेन्झ इलेक्ट्रॉनिक या कंपनीच्या बेर्न्ट लेन्झ यांनी १९८०च्या दशकाच्या अखेरीस एक डिजिटल पद्धत तयार केली. अमेरिकेतल्या मॉडेल रेल्वे संघटनेने १९९०च्या दशकात तिच्याच पायावर डीसीसी हे खुलं मानक उभं केलं. या पद्धतीत रुळांत वीज कायम असते आणि हुकूमही त्याच विजेतून जातात. विजेची दिशा सतत उलटते. ५८ मायक्रोसेकंदांनी उलटली तर तो एक, १०० किंवा जास्त घेतले तर शून्य. इंजिनात बसवलेला नखाएवढा डीकोडर हे वाचतो आणि आपल्या क्रमांकाचा हुकूम तेवढा पाळतो.

आजोबांनी मला पहिल्यांदा मोजायला शिकवलं. मोटारीची दोन्ही टोकं इंजिनाच्या धातूच्या सांगाड्यापासून पूर्ण सुटी आहेत की नाहीत, हे मल्टिमीटरने तपासल्याशिवाय ते डीकोडरचं पाकीट उघडू देत नसत. तिथे संपर्क राहिला तर रुळांतली वीज थेट मोटारीच्या वायरीत शिरते आणि डीकोडर जळतो. मग वायरी. लाल आणि काळी रुळांकडून येणारी, नारिंगी आणि करडी मोटारीची. पांढरी पुढच्या दिव्याची, पिवळी मागच्याची. हिरवी आणि जांभळी जादा कामांसाठी. निळी सगळ्या दिव्यांची समाईक धन वायर. एलईडीचं धन टोक रेझिस्टरमार्फत निळीला, दुसरं टोक आपापल्या रंगाला. एक किलोओहमचा रेझिस्टर चालतो, पण आजोबा त्याहून मोठा घेत. खऱ्या इंजिनाचा दिवा डोळ्यांवर येत नाही, मग छोट्याचा का यावा, असं त्यांचं म्हणणं.

त्यांच्या व्ही १०० या डिझेल इंजिनाला तिकडच्या पद्धतीप्रमाणे पुढे त्रिकोणात तीन पांढरे दिवे आणि मागे दोन लाल दिवे होते. दिशा बदलली की दिवे आपोआप अदलाबदल होत. मला ते सुंदर वाटलं. आजोबा मात्र बेचैन. इंजिनाला डबे जोडले तरी त्याच्या पाठीचे लाल दिवे जळत राहायचे. लाल दिवा म्हणजे गाडी इथे संपली. मागे डबे असताना तो लागला तर दिवा खोटं बोलतो, हे त्यांना सहन होत नव्हतं.

मला लगेच वडील आठवले. गाडी निघाली की शेवटच्या डब्याची ‘एलव्ही’ पाटी आणि रात्री तिथला लाल दिवा ही त्यांची जोखीम. स्टेशनवरचा माणूस तो दिवा पाहूनच गाडी पूर्ण आली, एकही डबा मागे सुटलेला नाही, अशी खात्री करतो. भुसावळच्या गार्डाने जपलेला दिवा गीसनचा केबिनवाला आयुष्यभर खिडकीतून पाहत आला होता. ही गोष्ट मी आजोबांना सांगितली. ते उठले, माझा हात हातात घेतला आणि त्या दिवसापासून मला घरच्यासारखं एकेरीत बोलावू लागले.

आम्ही दिव्यांच्या वायरी नव्याने ओढल्या. पांढरे दिवे पांढऱ्या-पिवळ्या वायरीवरच ठेवले. पुढचे लाल हिरवीवर, मागचे लाल जांभळीवर नेले. मग इंजिन प्रोग्रॅमिंगच्या वेगळ्या रुळावर ठेवलं. तिथे वीज बेताची सोडतात, त्यामुळे जोडणीत काही राहून गेलं असेल तरी डीकोडर सहसा वाचतो. डीकोडरला काही विचारलं की तो मोटारीला क्षणभर वीज देऊन होकार कळवतो. इंजिन किंचित थरथरतं. डीकोडरमध्ये किमती साठवायच्या ज्या जागा असतात त्यांना सीव्ही म्हणतात. सीव्ही १ मध्ये इंजिनाचा क्रमांक असतो, कारखान्यातून येताना ३. सीव्ही ३३ ते ३६ मध्ये कोणत्या बटणाने कोणता दिवा लागेल ते ठरतं. आता एकट्या इंजिनाला बटण दाबून लाल दिवे लावता येत. डबे जोडले की ते बंद, आणि लाल दिवा शेवटच्या डब्यावर, जिथे तो हवा तिथे.

काम संपलं की आजोबा पुठ्ठ्याच्या कार्डावर सगळं लिहीत : इंजिनाचा क्रमांक, प्रत्येक सीव्हीची किंमत, कोणती वायर कुठे, रेझिस्टर किती. “हे माझ्यासाठी नाही. माझ्यानंतर जो हे इंजिन उघडेल त्याच्यासाठी,” असं म्हणत. ते गेल्यावर त्यांच्या मुलीने व्ही १०० आणि कार्डांचा डबा माझ्याकडे पाठवला. आज पुण्यात मी शाळकरी मुलांना डीकोडर जोडायला शिकवतो, ते त्या कार्डांवरूनच. सोल्डरिंग मला कुणीही शिकवलं असतं. न पाहिलेल्या माणसाची काळजी घ्यायला त्यांनी शिकवलं.

म्हणून वाचकांना एवढंच सांगणं : घरातली एखादी वस्तू उघडाल, दुरुस्त कराल, तर काय केलंत ते त्याच दिवशी लिहून तिच्यासोबत ठेवा. ती पुढे कोण उघडणार हे ठाऊक नसलं तरी ठेवा.