चाकाचा तोल

सेवानिवृत्तीनंतर माणसाने तीर्थयात्रा करावी, असे आमच्या घरातील वडीलधारी मंडळी म्हणत. मी मात्र सेवानिवृत्तीनंतर एक जुनी मोटार विकत घेतली. तीर्थयात्रेस ती उपयोगी पडेल, असे मी सर्वांना सांगितले. पण खरे सांगायचे तर आपलीही एक मोटार असावी, ही माझी फार दिवसांची हौस होती. पस्तीस वर्षे मुलांना साधेपणाचे धडे देणाऱ्या मुख्याध्यापकाने ती उघडपणे कशी बोलून दाखवावी?

हौस कधी एकटी येत नाही. वर्ष होते न होते तोच माझी नजर दुसऱ्यांच्या मोटारींच्या चाकांवर खिळू लागली. माझ्या गाडीची चाके काळ्या पोलादाची होती. रस्त्यावरच्या कित्येक गाड्यांना मात्र ॲल्युमिनियमच्या मिश्रधातूची, चांदीसारखी चकाकणारी चाके असत. शेवटी एके दिवशी पुतण्याला बरोबर घेऊन मी शहरातील एका दुकानात गेलो आणि तशी चार चाके व त्यांवरील चार नवे टायर पसंत केले.

तेथे मी माझी शिक्षकी बुद्धी चालवली नाही, असे मात्र नाही. माझ्या जुन्या टायरवर ‘१८५/६५ आर १५’ असे आकडे होते आणि नव्यावर ‘१९५/५५ आर १६’. पहिला आकडा टायरची रुंदी मिलिमीटरमध्ये सांगतो. दुसरा सांगतो, की टायरच्या बाजूची उंची त्या रुंदीच्या शेकडा किती आहे. ‘आर’ हे अक्षर टायरच्या आतील धाग्यांच्या रचनेचे, आणि शेवटचा आकडा म्हणजे टायर ज्यावर बसतो त्या रिमचा व्यास, इंचांमध्ये. मी कागदावर गणित मांडले. जुन्या चाकाचा टायरसह व्यास ६२१.५ मिलिमीटर आला आणि नव्याचा ६२०.९ मिलिमीटर. फरक एका मिलिमीटरचाही नाही! म्हणजे वेग दाखवणारा काटाही खोटे बोलणार नाही. मी समाधान पावलो. परंतु मी मोजली ती चाकाची बाहेरची कड. चाकाच्या मध्यभागी काय आहे, हे पाहण्याचे मला सुचले नाही.

अर्ध्या तासात चाके बसली. गाडी नवरीसारखी सजली. दोन दिवस मी ती अंगणात उभी करून नुसती पाहत होतो.

पुढे महामार्गावर गेलो तेव्हा एक गोष्ट ध्यानात आली. ताशी सत्तर किलोमीटरपर्यंत गाडी शांतपणे चाले. काटा ऐंशीजवळ आला, की स्टिअरिंग हातात थरथरू लागे. मी काय केले असेल? साठाच्या पुढे जाणेच सोडून दिले. ‘या वयात वेग हवा कशाला?’ असे मी मनाला समजावले. दोष दूर न करता तो दिसणार नाही अशा बेताने वागायचे, ही युक्ती कित्येक मुलांनी माझ्यापुढे केली होती आणि त्यांना मी रागावलोही होतो. आता तीच युक्ती मी करत होतो.

दिवाळीच्या सुटीत सहावीत शिकणाऱ्या माझ्या नातीला घेऊन मी साताऱ्याहून कोल्हापूरला निघालो. उंब्रज मागे पडले. वाहनांच्या ओघात माझ्याही गाडीचा वेग नकळत वाढला, आणि स्टिअरिंग थरथरू लागले. नात माझ्या हातांकडे पाहत होती. तिने विचारले,

“आजोबा, स्टिअरिंगला थंडी वाजते आहे का?”

“रस्ता खराब आहे, बाळ,” मी म्हणालो.

ती काही वेळ खिडकीतून बाहेर पाहत राहिली. मग हळूच म्हणाली, “पण रस्ता तर गुळगुळीत आहे. आणि माझे पाय कुठे थरथरतात? नुसते तुमचे हात थरथरतात.”

मी काही बोललो नाही. परंतु मनातून ओशाळलो. एका मुलीपुढे मी खोटे बोललो होतो आणि तिने ते, अगदी सहज, आपल्या डोळ्यांनी तपासून पाहिले होते. शिवाय माझ्या शेजारी बसलेला हा जीव त्याच चाकांच्या भरवशावर होता. कऱ्हाडच्या अलीकडे रस्त्याच्या कडेला टायरचे एक दुकान दिसले. मी गाडी तिकडे वळवली.

दुकानाचा मिस्त्री पन्नाशीचा असावा. चाकांना हात लावण्यापूर्वी त्याने मलाच प्रश्न विचारले.

“सर, थरथर हातात येते, की बसायच्या जागी?”

“हातात.”

“मग पुढच्या चाकांत आहे. मागच्या चाकांत असती, तर बैठकीत जाणवली असती. ब्रेक लावल्यावर वाढते का?”

“नाही.”

“आणि कितीच्या वेगाला?”

“ऐंशीच्या सुमारास.”

मला त्याचे कौतुक वाटले. हाती घेतलेल्या कामाचे पहिले हत्यार प्रश्न हेच असते!

त्याने गाडी जॅकवर उचलून पुढची दोन्ही चाके काढली. डावे चाक पालथे करून आतील बाजूवर बोट ठेवले. तेथे डिंकाचा एक चौकोनी डाग होता. “इथे वजनाची पट्टी होती. धूळ न पुसता चिकटवली, म्हणून गळून पडली.” त्याने ते चाक बॅलन्सिंगच्या यंत्रावर चढवले. चाक गरगर फिरले, थांबले आणि यंत्रावर आकडा उमटला : ३०. म्हणजे तीस ग्रॅमांची उणीव. मग उजवे चाक चढवले. तेथे आकडा आला, शून्य.

“म्हणजे दोष एकाच चाकात आहे,” मी घाईने म्हणालो. “तीस ग्रॅम चिकटवा, म्हणजे आम्ही निघतो.”

मिस्त्री हसला. “चिकटवतो, पैसेही घेतो. पण थरथर सगळी जाणार नाही. हे बघा, सर.”

त्याने उजवे चाक पुन्हा गाडीच्या हबवर नेऊन नुसते टेकवले. हब म्हणजे चाक ज्यावर बसते तो गाडीचा मधला गोल भाग. चाकाचे भोक आणि हब यांच्यामध्ये माझे बोट सहज जाईल एवढी फट होती. त्याने मोजून दाखवले. हब ५४.१ मिलिमीटरचा आणि चाकाचे भोक ७३.१ मिलिमीटरचे! ही चाके निरनिराळ्या गाड्यांना चालावीत म्हणून त्यांचे मधले भोक मुद्दाम मोठे ठेवतात आणि उरलेली फट भरून काढण्यासाठी योग्य मापाची कडी बसवतात. माझ्या चाकांत ती कडी नव्हतीच. चाकाचा सारा भरवसा चार नटांवर होता. नट समोरासमोरचे, थोडे थोडे करत आवळले, तर चाक बहुधा मध्यावर येते. परंतु घाईने एकच नट आधी घट्ट केला, की चाक केसभर बाजूला सरकून तसेच बसते.

“पण यंत्राने तर शून्य दाखवले!” नात म्हणाली.

“यंत्र खोटे बोलत नाही, ताई. यंत्रावर चाक शंकूवर बसते, म्हणून ते बरोबर मध्यावर येते. गाडीवर ते मध्यावर नाही. यंत्रावरचे शून्य गाडीवर आले पाहिजे.”

या वाक्याने मी चमकलो. परीक्षेच्या कागदावर उत्तम उतरलेली आणि व्यवहारात डळमळलेली किती मुले मी पाहिली होती! आणि त्या वेळी मी कोणत्या पंक्तीत होतो?

दोन कड्या मिस्त्रीच्या पेटीत होत्या. उरलेल्या दोन आणण्यासाठी त्याने आपल्या मुलाला कऱ्हाडात पाठवले. आम्ही बाकावर वाट पाहत बसलो. त्या वेळी मला माझ्या लहानपणीची बैलगाडी आठवली. आमच्या गावी चाकावर लोखंडी धाव चढवण्याचा दिवस म्हणजे मुलांची जत्राच असे. गोवऱ्यांच्या आगीत धाव लाल होईपर्यंत तापवत. तापली, की ती प्रसरण पावे. मग सांडशीने उचलून ती लाकडी चाकावर बसवत आणि लगेच पाणी ओतत. वाफेचा लोट उठे, धाव आकसून चाकाला घट्ट मिठी मारी. त्या चाकाची एक बाजू पावशेर जड असली, तरी कोणाला कळत नसे. कारण बैलाची चाल माणसाच्या चालीएवढीच.

मोटारीचे तसे नाही. मुलांनो, दोरीच्या टोकाला लहानसा दगड बांधून तुम्ही गरगर फिरवला आहे का? दगड तोच असतो. पण जसजसा तुम्ही वेग वाढवता, तसतशी दोरी हाताला अधिक ओढते. वेग दुप्पट झाला, की ही ओढ चौपट होते. माझ्या चाकाच्या कडेला एका बाजूस तीस ग्रॅम, म्हणजे जेमतेम अडीच तोळे, वजन जास्त होते. मी घरी येऊन गणित केले. ताशी ४० किलोमीटर वेगाला त्याची ओढ सुमारे ८०० ग्रॅम वजनाइतकी होते. ८० किलोमीटरला ती ३ किलोग्रॅमांच्याही पुढे जाते. त्या वेळी चाक सेकंदाला सुमारे ११ फेरे घेते, म्हणून ही ओढ सेकंदाला अकरा वेळा वर, खाली, पुढे, मागे अशी दिशा बदलते. झोपाळ्याला वेळ साधून दिलेले लहान लहान झोके त्याला उंच नेतात ना? तसेच या धक्क्यांचा गाडीच्या पुढच्या भागाच्या स्वाभाविक हेलकाव्याशी मेळ बसला, की थरथर एकाएकी वाढते. म्हणून सत्तरपर्यंत सारे शांत होते. दोष काही ऐंशीला जन्मला नव्हता. ऐंशीला तो फक्त दिसू लागला.

मुलगा कड्या घेऊन आला. मिस्त्रीने हबवरची माती आणि गंज तारेच्या ब्रशाने साफ केला, कडी बसवली आणि चाक वर चढवले. ते ‘टक्’ असे जागेवर बसले. त्याला हलायला जागाच उरली नाही. डाव्या चाकाची आतील बाजू त्याने पुसून कोरडी केली, पाच-पाच ग्रॅमांच्या सहा तुकड्यांची पट्टी दाबून चिकटवली आणि यंत्रावर पुन्हा फिरवून शून्य आल्याची खात्री केली. नट आवळताना त्याने आधी एक, मग त्याच्या समोरचा, असा क्रम ठेवला. शेवटी त्याने एक निराळा पाना घेतला. गाडीच्या पुस्तिकेत सांगितलेला जोर पुरा झाला, की तो पाना ‘कट्’ असा आवाज करतो. “नट सैल राहिला, तर चाक निसटेल,” तो नातीला म्हणाला, “आणि उगाच ताकद लावून आवळला, तर आटे खराब होतील. म्हणून जोरसुद्धा मोजून लावायचा.”

मागच्या दोन चाकांनाही कड्या बसवल्यावरच त्याने गाडी सोडली. निघताना म्हणाला, “सर, पन्नास-साठ किलोमीटर गेल्यावर नट एकदा पुन्हा तपासून घ्या. नवी चाके बसायला थोडी जागा घेतात.”

महामार्गावर काटा हळूहळू ऐंशीवर आला. मी श्वास रोखून धरला होता. स्टिअरिंग स्थिर होते. नातीने आपला हात माझ्या हाताजवळ आणून क्षणभर ठेवला आणि म्हणाली, “थंडी गेली!”

तेव्हा मी तिला म्हणालो, “बाळ, मघाशी मी रस्ता खराब आहे असे म्हणालो, ते खरे नव्हते. दोष चाकात होता आणि तो मला कित्येक दिवसांपासून ठाऊक होता.”

ती समोर पाहतच म्हणाली, “मला कळले होते, आजोबा.”

कोल्हापुरात शिरताच देवळात जाण्यापूर्वी आम्ही एका दुकानात नट तपासून घेतले. एका नटाने खरोखरच किंचित जागा सोडली होती. तो पुन्हा ‘कट्’ म्हणेपर्यंत नात शेजारी उभी राहून ऐकत होती.

ती चाके आजही माझ्या गाडीला आहेत. येणारा-जाणारा त्यांच्या चकाकीची स्तुती करतो. मला मात्र ती पाहताना आत दडलेली, कोणालाही न दिसणारी ती साधी कडी आठवते. आणि यंत्रावरचे शून्य गाडीवर आणल्याशिवाय आम्हांला जाऊ न देणारा कऱ्हाडचा तो मिस्त्री आठवतो.