बाटलीवरच्या खुणा

अब्बांचं जव्हारला सायकल दुरुस्तीचं दुकान होतं. बेअरिंग धुवायला दोन डबे. एकात जुनं, काळं पडलेलं रॉकेल, दुसऱ्यात स्वच्छ. आधी जुन्यात खळबळायचं, शेवटी स्वच्छात. जुनं रॉकेल रात्रभर ठेवलं की गाळ खाली बसायचा, वरचं परत वापरात. "फेकायचं नाही रे, अजून चालतं," हे वाक्य मी इतक्यांदा ऐकलंय की घरी फिल्म धुवायला लागलो तेव्हा डेव्हलपर ओतून द्यायला हातच धजेना.

डी-७६ ची पूड एक लिटर पाण्यात कालवायची. मेटॉल, हायड्रोक्विनोन, बोरॅक्स आणि सगळ्यात जास्त सोडियम सल्फाइट. हे द्रावण दोन तऱ्हांनी वापरता येतं. तसंच, न पातळ करता वापरून बाटलीत परत ओतायचं. लिटरमागे साधारण चार रोल निघतात आणि दर रोलनंतर वेळ पंधरा टक्क्यांनी वाढवायचा. नाहीतर तेवढंच पाणी घालायचं, एकदा वापरायचं आणि मोरीत सोडायचं. एचपी-५ ला पहिल्या तऱ्हेत साडेसात मिनिटं लागतात, दुसऱ्या तऱ्हेत अकरा. दोन्ही वीस अंशांना. (वीस अंश! मे महिन्यात आमच्या टाकीतलं पाणी चहाला ठेवावं इतकं गरम. परातीत बर्फ घालून बाटली त्यात उभी करायची.)

मी अर्थातच पहिली तऱ्हा धरली. प्रत्येक रोलला बाटलीवर पेनाची एक खूण.

त्या ऑक्टोबरात अब्बांना दाभोशाला नेलं. पाऊस ओसरला होता, तरी लेंडी नदी कड्यावरून जोरात कोसळत होती. अब्बांचे गुडघे गेलेले, त्यामुळे ते वरच एका झाडाच्या सावलीत दगडावर बसले. डोक्यावर टोपी, हातात शेंगांची पुडी. त्यांचे सात-आठ फोटो काढले, तेवढ्यात रोल संपला. दुसरा रोल भरून मी एकटाच खाली डोहापर्यंत उतरलो.

आठवड्याने पहिला रोल धुवायला घेतला. बाटलीवरच्या खुणा ओल्या हाताने पुसट झालेल्या. चार असाव्यात, कदाचित पाच. द्रावणाला चहासारखा रंग आलेला, बाटलीही अर्धी हवेने भरलेली. शंका आली म्हणून फिल्मच्या सुरुवातीचा, उजेड लागलेला तुकडा कापून त्यात टाकला. तो काळाभोर झाला. मी म्हटलं, चालतंय.

चूक इथेच झाली. त्या तुकड्यावर उजेड इतका पडलेला असतो की अर्धमेला डेव्हलपरही त्याला काळा करतो. डेव्हलपर मेलाय का, एवढंच ती परीक्षा सांगते. थकलाय का, ते सांगत नाही. प्रत्येक फिल्ममधून ब्रोमाइड सुटून द्रावणात साठत जातं आणि ते पुढच्या फिल्मला रोखून धरतं. त्याचा फटका बसतो जिथे उजेड मुळातच कमी पोहोचला तिथे, सावलीत. माझ्या निगेटिव्हवर धबधबा होता, आभाळ होतं, शेंगांच्या पुडीचा कागदही होता. टोपीखालचा चेहरा म्हणजे कोरी, पारदर्शक फिल्म.

अब्बांनी ती खिडकीसमोर धरली. "मी कुठाय यात?"

"अब्बा, डेव्हलपर जुना होता."

"कितव्यांदा वापरलास?"

मी सांगितलं. ते हसले. "आणि शेवटचा हात स्वच्छ रॉकेलचा? तो राहिला की. जाऊ दे, पुन्हा जाऊ."

फेब्रुवारीत ते गेले. त्याआधी जाणं झालं नाही. कधी त्यांचा दम, कधी माझी नोकरी.

दुसरा रोल मी उन्हाळ्यात धुतला, ताज्या डी-७६ मध्ये, निम्मं पाणी घालून. पातळ डेव्हलपरचा एक गुण असा की जिथे उजेड फार, तिथलं रसायन लवकर दमतं आणि सावलीतलं मात्र काम करत राहतं. फक्त टाकीत दर काही वेळाने हलक्या हाताने उलटसुलट करायचं, उगाच घुसळायचं नाही. पांढरंशुभ्र पाणी आणि काळा कातळ एकाच चौकटीत, तरी दोन्ही आले. कातळावरचं शेवाळही मोजता येईल इतकं स्पष्ट. त्यातला एक फोटो खालून वर, कड्याच्या दिशेने काढलेला आहे. भिंगाने पाहिलं. वरच्या कडेला झाड दिसतं, त्याच्याखालचा दगडही. अब्बा तोवर उठून गाडीकडे गेले असणार.

आता मी प्रत्येक वेळी ताजाच डेव्हलपर कालवतो. जुनी बाटली अम्मीने एकदा टाकायला काढली होती, मी परत आणून ठेवली. पहिला रोल स्कॅनरवर घालून बघितलाय, तीन-चार वेळा. टोपीची किनार येते.