दारावरचे दोन एल्डर

परवा शनिवारी जॉन्सनव्हिलच्या आमच्या घराचं दार वाजलं. बाहेर पांढरा शर्ट, टाय आणि छातीवर काळी पट्टी लावलेली दोन पोरं. पट्टीवर नावाआधी 'एल्डर'. म्हणजे वडीलधारे! मिसरूड धड फुटलेलं नव्हतं. मॉर्मन पंथाची ही मुलं दोन वर्षं घर सोडून धर्मप्रचार करतात. वेलिंग्टनच्या वाऱ्यात गारठली होती, म्हणून आत बोलावलं. चहा विचारला, तर तो त्यांना वर्ज्य. मग पाणी दिलं.

मंदिरात लागलेलं लग्न म्हणे मरणानंतरही टिकतं. कुटुंब अनंतकाळ एकत्र. मनात म्हटलं, आपल्याकडे निदान सात जन्मांची मुदत तरी आहे!

ते गेले आणि वाटलं, या अनंतकाळच्या कुटुंबात समलिंगी मुलानं बसायचं कुठे? त्यांच्या चर्चच्या मते आकर्षण हे पाप नाही, तसं वागणं पाप. २०१५ मध्ये तर समलिंगी जोडप्यांच्या मुलांचा बाप्तिस्माही अडवला होता. २०१९ मध्ये तो नियम मागे घेतला.

विटी इहिमाएरा आठवला. 'व्हेल रायडर' सिनेमा तुमच्यापैकी काहींनी पाहिला असेल, त्या कादंबरीचा माओरी लेखक. शाळेचा काही काळ हॅमिल्टनजवळच्या मॉर्मन कॉलेजात, पुढे इथे वेलिंग्टनला विद्यापीठात. १९७३ ची त्याची 'टांगी' ही माओरी लेखकाची पहिली प्रकाशित कादंबरी. लेखक व्हायचं स्वप्न पुरं झालं, पण दुसरी गोष्ट अडून राहिली. लग्न झालं, दोन मुली झाल्या. १९८६ मध्ये न्यूझीलंडनं समलिंगी संबंध गुन्ह्यातून वगळले. १९९५ मध्ये त्याची 'नाइट्स इन द गार्डन्स ऑफ स्पेन' आली. त्यात दोन मुलींचा बाप असलेला प्राध्यापक आपण समलिंगी असल्याचं कबूल करतो. लेखक स्वतःही समलिंगी, हे आता इथे सगळ्यांना ठाऊक आहे.

ही कादंबरी मी जॉन्सनव्हिलच्या लोकलमध्ये वाचली. एका बोगद्यात पुस्तक मिटून ठेवलं, ते स्टेशन येईपर्यंत उघडलं नाही.

पुण्यात हॉस्टेलवर माझ्या रूममेटनं एका रात्री मला हेच सांगितलं होतं. ३७७ कलमातून सुटका व्हायला २०१८ उजाडायचं होतं. मी अगदी शहाण्यासारखा म्हणालो, "लग्न कर, होईल सगळं ठीक." त्यानं केलं. मी लग्नात जिलब्या वाढल्या. त्याच्या बायकोचा विचार एकदाही मनात आला नाही. पुस्तकातली बायको भेटेपर्यंत.

दारावरच्या त्या पोरांना मी हसलो खरा, पण ती निदान विचारून आत येतात. मी न विचारता उपदेश केला होता.

काल त्याला फोन लावला. म्हटलं, "तेव्हा चुकलंच रे माझं." पलीकडे बराच वेळ शांतता. मग म्हणाला, "मागच्या वर्षी तिला सांगितलं. ती म्हणाली, आधी सांगायचं होतंस."

यावर माझ्याकडे उत्तर नव्हतं. अजूनही नाही.