उधाण आणि भांग

'उधाण' हा शब्द आम्ही खानदेशातले लोक समुद्र न पाहताच वापरतो. आनंदाला उधाण येते, चर्चेला येते. 'भांग' म्हटले की मात्र केसांतला भांगच आठवतो. अष्टमीच्या सुमारास येणाऱ्या मंद भरती-ओहोटीचेही ते नाव आहे, हे आमच्या गावीही नसते. उधाण म्हणजे बेभानपणा, असाच अर्थ आमच्या बोलण्यात रूढ आहे.

त्यामागची शिस्त मला हरिहरेश्वरला दिसली. पौर्णिमेनंतरची ओहोटी होती. खडक ओळखीचा, धुळ्याच्या माळावर दिसणारा काळा बेसॉल्टच. पण त्यावर वस्तीच्या आडव्या पट्ट्या होत्या. जेथे तुषार आणि उधाणाचेच पाणी पोहोचते, तेथे बारीक गोगलगायी. त्याखाली बार्नेकलांची खरखरीत कवचे, मग खडकाला घट्ट चिकटलेली कालवे. अगदी तळाशी, उधाणाच्या ओहोटीतच उघडे पडणारे शेवाळ आणि स्पंज.

या सीमा कोण आखतो? जोसेफ कॉनेल यांनी स्कॉटलंडच्या किनाऱ्यावर बार्नेकलांच्या दोन जातींचा अभ्यास करून १९६१ मध्ये याचे उत्तर दिले. वरच्या पट्टीतली जात खालीही जगू शकते; पण तेथे जलद वाढणारी शेजारीण तिला चिरडते, उखडून टाकते. ती शेजारीण वर जात नाही, कारण कोरडेपणा तिला सोसत नाही. थोडक्यात, वरची सीमा बहुधा ऊन ठरवते आणि खालची शेजार.

समुद्र या पट्ट्या कमीअधिक ताणतो. उधाणाच्या भरती-ओहोटीतला फरक मुंबईत सुमारे ५ मीटर असतो, तर दक्षिणेकडे मालवणला त्याच्या जवळपास निम्मा. लाटांचा मारा असला की तुषारांबरोबर वस्तीही वर चढते. पावसाळ्यात नद्यांचे गोडे पाणी खाडीमुखाजवळची खारटपणाची पातळी खाली आणते. ते सोसणारेच तेथे टिकतात. आमची तापी जळगाव-धुळ्याच्या शिवारांतली माती घेऊन खंबायतच्या आखाताकडे जाते. अशा गढूळ पाण्यात प्रकाश खोल जात नाही, म्हणून शेवाळाला उथळातच राहावे लागते. शिवाय या जिवांची पिल्ले आधी प्रवाहाबरोबर वाहतात. कोणता खडक वाट्याला यावा, हे बऱ्याच अंशी पाणीच ठरवते.

वरच्या पट्टीतली गोगलगाय ओहोटीत दार लावून घेते, आत थोडेसे पाणी राखते आणि भरतीची वाट पाहते. पारा ४५ अंशांपलीकडे गेल्यावर दुपारी दारे-खिडक्या लावून बसणाऱ्या जळगावकराला हे सांगावे लागत नाही. पण ती आपल्या सोसण्याच्या टोकावरच राहते. तापमान वाढत गेले तर या पट्टीची वरची कड खाली सरकेल, आणि खालची जागा आधीच भरलेली आहे. वरून ऊन, खालून शेजार. मधली पट्टी अरुंद होत जाईल. भरती-ओहोटी मात्र आपल्या तिथीला येत राहतील.