कळंब्याच्या बांधावर

कोल्हापूरहून गारगोटीच्या रस्त्याला लागले की आधी आयटीआय येते, मग मध्यवर्ती तुरुंगाची लांबलचक भिंत, आणि त्यापुढे कळंबा गाव व गावाला लागून तलाव. शहरापासून अंतर फार नाही. संस्थानच्या काळात बांधलेल्या या तलावाने कोल्हापूरकरांच्या कित्येक पिढ्यांना पाणी पाजले. कात्यायनीच्या बाजूच्या डोंगरातून ओढ्यांचे पाणी येते, चांगला पाऊस झाला की सांडव्यावरून वाहू लागते, आणि मग निम्मे शहर ते बघायला लोटते. कोरड्या वर्षी उन्हाळ्यात याच तलावाचा तळ उघडा पडतो, तेव्हा मात्र फारसे कोणी फिरकत नाही.

आम्ही जातो ते पाऊस ओसरल्यावर, महिन्यातल्या एका रविवारी, आसरची नमाज झाली की. आमची तीन घरे, लहानमोठी मिळून तेरा माणसे. बरोबर थर्मासमध्ये चहा, भडंगाचा डबा, कधी खिमा आणि चपात्या. आणि प्रत्येकाने सध्या घरी जे पुस्तक वाचायला घेतले असेल ते. पुरे झालेलेच पाहिजे असे नाही. उलट अर्धवट वाचलेल्या पुस्तकाविषयी माणूस जास्त खरे बोलतो, असा आमचा अनुभव आहे. शेवट ठाऊक नसतो, त्यामुळे शहाणपणाचा आव आणता येत नाही.

ही पद्धत पडली ती भाषेच्या अडचणीतून. आमच्या नानीला मराठी बोलता येते, वाचता येत नाही. तिचे वाचन सगळे उर्दूतले. आमच्या मुलींना उर्दू समजते, पण लिपी येत नाही, शाळा मराठी. घरात बोलणे दखनीत. म्हणजे एकाच छपराखाली नानीचे कपाट नातीला बंद आणि नातीचे दप्तर नानीला बंद. अशी घरे आपल्या वाचकांत पुष्कळ असतील. एकमेकींना वाचून दाखवल्याशिवाय, मग त्यावर बोलल्याशिवाय, दुसरा इलाज नव्हता.

तसे पाहिले तर कोल्हापूरला वाचनाचे वावडे कधीच नव्हते. करवीर नगर वाचन मंदिर 1850 चे आहे. दसरा चौकातले मुस्लिम बोर्डिंग शाहू महाराजांच्या पुढाकाराने 1906 साली उभ्या राहिलेल्या मोहामेडन एज्युकेशन सोसायटीचे. गावोगावची आपली मुले तिथे राहून शिकली. 1917 मध्ये महाराजांनी प्राथमिक शिक्षण सक्तीचे आणि मोफत केले. मुलाला शाळेत न पाठवणाऱ्या पालकाला महिन्याला एक रुपया दंड. त्या काळचा एक रुपया म्हणजे चेष्टा नव्हती. हे सारे आपण जयंतीच्या भाषणांत ऐकतो आणि घरी येऊन विसरतो.

गेल्या खेपेला नानीने आणले होते मौलाना आझादांचे ‘गुबार-ए-खातिर’. जाताना तुरुंगाची भिंत लागली तेव्हा तिने रिक्षातूनच पुस्तक वर करून दाखवले आणि म्हणाली, “हे पण आतूनच आलंय.” या तुरुंगातून नव्हे, नगरच्या किल्ल्यातून. ऑगस्ट 1942 मध्ये मौलानांना मुंबईत पकडून तिथे नेले; नेहरू, पटेल हेही बरोबर होते. तिथे मौलानांनी आपल्या एका मित्राला उद्देशून पत्रे लिहिली. ती तेव्हा पाठवता येणार नव्हती हे त्यांना ठाऊक होते. 1946 मध्ये त्यांचे पुस्तक निघाले. नानी मधले फारसी शेर गाळून वाचते, कारण तिलाही ते धड कळत नाहीत, आणि खाला दखनीत समजावत जाते. पहाटे अंधारात उठून स्वतःच्या हाताने केलेला बिनदुधाचा चिनी चहा, खोलीत घरटी करणाऱ्या चिमण्यांशी झालेले भांडण आणि मग दोस्ती, हे ऐकताना मुले हसून लोळतात. बिनदुधाचा चहा काही आमच्या घरात कुणाला पटलेला नाही.

पण या वेळी नानीने वाचले ते एप्रिल 1943 चे पत्र. मौलानांच्या पत्नी जुलेखा बेगम कलकत्त्यात आजारी होत्या. तुरुंगाचा अधिकारी सांगून गेला की सरकारला काही कळवायचे असेल तर मी लगेच पाठवतो. मौलानांनी नकार दिला. इंग्रज सरकारपुढे त्यांना काहीही मागायचे नव्हते. बेगम गेल्या; भेट झाली नाही. किल्ल्याच्या आवारात एक जुनी कबर आहे, तिच्याकडे त्या संध्याकाळी त्यांचे लक्ष जाते, असे त्या पत्रात आहे.

सगळे गप्प. मग खाला म्हणाली, “मला नाही पटलं. एक कागद लिहिला असता तर काय झालं असतं? तिनं काय मागितलं होतं?”

नानी म्हणाली, “त्यानं मागितलं असतं तर बाहेरच्या हजारो पोरांनी काय करायचं होतं? त्यांच्या पण बायका होत्या घरात.”

“त्या बायकांना कुणी विचारलं का?”

यावर बराच वेळ वाद झाला. आमच्यातले पुरुष बहुतेक नानीच्या बाजूला, बायका खालाच्या. आम्हाला स्वतःला असे वाटते की पत्र लिहिणाऱ्यालाच त्या नकाराचे ओझे सर्वांत जास्त होते, नाहीतर इतके सावरून, इतके सांभाळून त्याने लिहिले नसते. खालाचा प्रश्न मात्र त्याने सुटत नाही.

सातवीतल्या मुलीकडे ‘श्यामची आई’ होते. तेही तुरुंगात लिहिलेले, साने गुरुजींनी, नाशिकला, फेब्रुवारी 1933 मध्ये, अवघ्या पाच दिवसांत. तिचे मत एका वाक्यात होते : श्याम फार रडतो. नानीला ते पुस्तक मागच्या हिवाळ्यात पूर्ण वाचून दाखवले आहे, आणि तिचे मत असे की श्याम रडत नाही, लिहिणारा रडतो, कारण आई आता नाही. मुलीने थोडा विचार केला आणि भडंगाच्या डब्याकडे वळली.

खरी गोष्ट त्यानंतरची आहे.

आमचे चाचा टेम्पो चालवायचे. तीन वर्षांपूर्वी अपघातात पाय मोडला, टेम्पो विकावा लागला, आणि त्यांच्या थोरल्याने नववीतून शाळा सोडली. तो उद्यमनगरात एका वर्कशॉपमध्ये लेथवर आहे. हाताला तेलाचा वास, नखांत काळे. तो आमच्याबरोबर येतो, पण पुस्तक कधी आणत नव्हता. या वेळी त्याने पिशवीतून ‘झोंबी’ काढले.

आनंद यादव आपल्या शेजारच्या कागलचे. शाहू महाराजांचे जन्मघराणेही कागलचेच. यादवांचे हे आत्मकथन 1987 मध्ये आले, पु. ल. देशपांड्यांनी प्रस्तावना लिहिली, 1990 चा साहित्य अकादमी पुरस्कार मिळाला. दुसऱ्याची जमीन कसणाऱ्याचा मुलगा. बाप त्याला शाळेतून काढून मळ्यावर जुंपतो. मुलगा आणि आई रात्री गावातल्या वजनदार माणसाकडे, दत्ताजीरावांकडे, जातात आणि गाऱ्हाणे घालतात. दत्ताजीराव बापाला बोलावून घेतात, फैलावर घेतात. मग शाळा सुरू होते, पण शाळेच्या आधी आणि शाळेनंतर मळ्यातले काम चुकत नाही. सक्तीच्या शिक्षणाचा कायदा ज्या संस्थानात झाला, तिथे पुढच्या पिढीतही एका मुलाला शाळेसाठी असे चोरून वशिला लावावा लागला, हे त्या पुस्तकातून कळते.

मुलाने एवढे सांगितले आणि थांबला. त्याला मत विचारले तर म्हणाला, “अजून निम्मं वाचायचंय.”

चाचा बांधाच्या दगडावर पाय लांब करून बसले होते. ते म्हणाले, “सगळी लेखक मंडळी बापाला शिव्या घालून मोठी होतात. बापाच्या हातात काय होतं, ते कुणी लिहितं का? पोराला कामाला लावताना बापाला काय वाटतं?”

कुणी बोलेना. हे पुस्तकाविषयी राहिले नव्हते, हे सगळ्यांनाच समजले. खाला काहीतरी बोलणार होती, तिला नानीने हाताने थांबवले.

मुलगा पाण्याकडे बघत म्हणाला, “अब्बू, त्याचा बाप स्वतः गावात हिंडायचा आणि पोराला राबवायचा. तुमचं तसं नव्हतं. तुमचा पाय मोडलेला.” मग जरा वेळाने, “पण शाळा दोघांची पण सुटली.”

मग त्याने सांगितले की वर्कशॉपमधल्या एका जोडीदाराने बाहेरून दहावी दिली आहे. 17 नंबरचा फॉर्म भरायचा, शाळेत रोज जावे लागत नाही, काम करून अभ्यास करता येतो. त्यानेही सगळी चौकशी केली होती, शाळा सोडल्याचा दाखला शोधून ठेवला होता. सहा महिने ही गोष्ट घरात बोलायला त्याला जमले नव्हते. पुढे आयटीआय करायचे, असेही म्हणाला. आपण ज्या रस्त्याने आलो त्याच रस्त्यावरचे.

चाचा म्हणाले, “आणि पगार?”

“पगार चालूच की. परीक्षेपुरती सुट्टी.”

“मालक देईल?”

“विचारलं नाही अजून.”

चाचांनी पुढे काही विचारले नाही. मगरिबची वेळ होत आली होती, डास सुटले होते, नानीला उठवायला दोघी लागल्या. तलावाच्या पलीकडे बगळे एका झाडावर गोळा होत होते. मुलांनी चहाचे कप गोळा केले. आमच्या आधी आलेली मंडळी प्लास्टिकच्या पिशव्या तशाच टाकून गेली होती, त्याही आम्हीच उचलल्या. ज्या तलावाचे पाणी शहर पिते त्याच्या काठावर लोक असे कसे वागतात, हा आमचा नेहमीचा वैताग.

त्यानंतर चाचांच्या घरी दोनदा जाणे झाले. इशाच्या नमाजनंतर मुलगा जेवतो आणि बापाला ‘झोंबी’ची चार-पाच पाने वाचून दाखवतो. चाचांना मराठी वाचता येते, पण सवय नाही, डोळे दुखतात म्हणतात. मध्येच थांबवून ते पिकांविषयी, मोटेविषयी, कागलच्या बाजाराविषयी काहीबाही सांगतात. त्यांचे आजोळ त्याच बाजूचे. कागलच्या त्या बापावरचा त्यांचा राग अजून गेलेला नाही, लेखकावरचाही नाही. चाचीने दाखला प्लास्टिकच्या पिशवीत घालून मसाल्याच्या डब्यामागे ठेवला आहे. फॉर्मची तारीख अजून आलेली नाही, आणि मालकाला विचारायला या शुक्रवारी चाचा स्वतः जाणार आहेत.